सार्वजनिक हृदयविकार मंडळ, गिरगाव

गिरगावात कुणाला अ‍ॅटॅक आला की रुग्ण इस्पितळात पोचायच्या आत वाडीतल्या चौकशी समितीचं कामकाज आटोपलेलं असतं. समितीला कागदपत्रं लागत नाहीत, साक्षीपुरावा लागत नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक जण बसलेला, दोघं कठड्याला टेकलेले आणि एक जण ‘मी निघालोच होतो’ असं म्हणत तासभर उभा, एवढा कोरम पुरतो. निकाल एकमताने लागतो : ‘खाण्यावर ताबाच नव्हता हो त्यांचा.’ आरोपी म्हणून बटाटेवड्याला उभं करतात, कारण तो गरीब आहे, कोपऱ्यावर सापडतो आणि वकील करत नाही. पुढे रुग्ण बरा होऊन घरी आला की तोच माफीचा साक्षीदार होतो. ‘तीन ब्लॉकेज निघाले, एक तर नव्वद टक्के!’ हे सांगताना चेहऱ्यावर जी चमक येते, ती मुलाने दहावीला तेवढेच टक्के मिळवले तेव्हाही आली नव्हती. या सगळ्या तपासात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : हृदय ज्याचं, गुन्हा त्याचा. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हृदय ज्याचं त्याचं असेल, पण त्याचा आजार वाडीचा असतो. तो एकट्याने मिळवता येत नाही आणि म्हणून एकट्याने टाळताही येत नाही.

हे म्हणायला खोताच्या वाडीइतकी सोयीची जागा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले आणि गिरगावच्या पोटात लाकडी जिन्यांची, कौलारू घरांची वस्ती उभी राहिली. एकेकाळी पासष्टच्या आसपास घरं होती, आज त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. पण गल्ल्या तेवढ्याच अरुंद आहेत, त्यामुळे वास शिल्लक आहेत. एका खिडकीतून ईस्ट इंडियनांच्या बॉटल मसाल्याचा, पलीकडच्या चाळीतून हिंगाच्या फोडणीचा, आणि या दोघांच्या मधून वेफर्सच्या गरम तेलाचा. इथे दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय हे विचारावं लागत नाही आणि आपल्या घरात काय शिजतंय हे लपवता येत नाही. इथून हाकेच्या अंतरावर केशवजी नाईकांची चाळ आहे. १८९३ साली घरातला गणपती सार्वजनिक करणाऱ्यांत ती पहिल्या रांगेत होती. इतिहासकार याचं श्रेय लोकमान्यांना देतात आणि ते योग्यच आहे. परंतु गिरगावकरांना कुठलीही गोष्ट सार्वजनिक करणं जड गेलं नाही याचं कारण जेवणाच्या बाबतीत ती सवय आधीच होती.

पुरावा म्हणून दिवाळीतलं फराळाचं ताट घ्या. स्टीलचं, काठावर आडनाव कोरलेलं, वरून क्रोशाचा रुमाल. आत चार चकल्या, दोन करंज्या, दोन बेसनाचे लाडू, चिवड्याचा ढीग आणि ढिगाच्या उतारावर शंकरपाळे. हे ताट बारा घरी जातं. ते रिकामं परत करायचं नाही, हा नियम मोडलेला कुणाच्या ऐकिवात नाही. म्हणजे बारा ताटं येतात. शिवाय प्रत्येक घराला आपली चकली अधिक खुसखुशीत आहे हे सिद्ध करायचं असल्याने मोहन मोजून पडत नाही. डिसेंबरात हेच ताट खोताच्या वाडीतून उलट्या दिशेने निघतं. करंजीची आता नेवरी झालेली असते, शंकरपाळ्यांच्या जागी कुलकुल असतात, साखर तीच. डॉक्टर मात्र कागदावर ‘गोड व तळलेलं बंद’ असं एका माणसाच्या नावाने लिहून देतात. त्या माणसाच्या घरात गोड व तळलेलं त्याने आणलेलंच नसतं. ते आलेलं असतं. आलेलं परत पाठवणं म्हणजे संबंध तोडणं, आणि संबंध टिकवण्यासाठी गिरगावकराने याहून मोठे धोके पत्करलेले आहेत.

कुणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला. शास्त्र काय म्हणतं? शास्त्राची सुरुवातच एका माणसाने नव्हे, एका गावाने झाली. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ साली पाच हजारांवर स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि वर्षानुवर्षं त्यांच्यामागे लागून रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयाशी असलेला संबंध उलगडला. पुढे १९८५ साली जेफ्री रोझ या इंग्रज वैद्याने एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा वाडीच्या भाषेत सांगायचा तर असा : वाडीत तीन माणसांचं कोलेस्टेरॉल भयंकर असतं. त्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात, लग्नात त्यांच्या पानाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. उरलेल्या तीनशे जणांचं थोडंसंच वर असतं, आणि ‘थोडंसं वर आहे, काही नाही त्यात’ असं म्हणून ते त्या तिघांवर देखरेख करत राहतात. परंतु वर्षाअखेर मोजदाद केली तर जास्त अ‍ॅटॅक या तीनशेंतूनच निघतात, कारण धोका थोडा असला तरी धोक्यातली माणसं पुष्कळ असतात. म्हणून रोझ म्हणतो, आजारी माणूस शोधत बसू नका, आजारी समाज पाहा. आपली चौकशी समिती नेमकं हेच करत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. फक्त इथे संन्याशानेही वडा खाल्लेला असतो.

मग वाडीची समजूत चुकली कुठे? माझ्या मते ती चुकली नाही, जुनी झाली. या मुंबईत १८९६ साली प्लेग आला, त्याच्या आधी-नंतर पटकी येत-जात राहिली. त्या काळी बाहेरचं खाऊन माणूस मरायचा तो दोन दिवसांत. म्हणून बाहेर जेवायचं तर ‘स्वच्छ’ हवं, हा विचार पक्का झाला. दादरला मामा काणे यांनी काढलं ते ‘स्वच्छ उपाहारगृह’, तांब्यांनी काढलं ते ‘आरोग्य भुवन’, आणि आमच्या ठाकूरद्वारजवळ जिथली मिसळ नामांकित त्या ठिकाणाचं नाव ‘विनय हेल्थ होम’. यात विसंगती शोधून हसणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं की त्या काळाच्या हिशेबाने ही नावं चोख होती. घरगुती हात, उकळतं तेल, ताजा पदार्थ. जंतूची टाप नव्हती जवळ यायची. खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमात लोक मासळीचं जेवण जेवायला येत तेही याच भरवशावर. आता तो बंद आहे आणि त्याच्या आठवणीने उसासे टाकणाऱ्यांची संख्या तिथे जेवलेल्यांपेक्षा जास्त झाली आहे. अडचण एवढीच, की जंतू ज्या तेलाला घाबरतात त्याला धमनी घाबरते. आरोग्याची आपली कल्पना पटकीच्या काळातली आणि मरण मात्र आजचं, वीस वर्षं हप्त्याहप्त्याने येणारं. ‘आजवर काही झालं नाही’ हा युक्तिवाद पटकीला लागू पडतो. हृदयविकारात ‘आजवर’ हाच रोगाचा कालावधी असतो.

या हप्त्यांची यादीही आता मोठ्या कष्टाने तयार झालेली आहे. ‘इंटरहार्ट’ नावाचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५२ देशांतले पहिला अ‍ॅटॅक आलेले सुमारे १५ हजार रुग्ण आणि त्यांच्या वयाची तितकीच धडधाकट माणसं तपासली. निष्कर्ष असा, की पहिल्या अ‍ॅटॅकचा पुरुषांतला ९० टक्के आणि स्त्रियांतला ९४ टक्के धोका नऊ गोष्टींनी उलगडतो : रक्तातली चरबी, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, रोज फळं-भाज्या न खाणं, व्यायाम न करणं आणि मद्यपानाची पद्धत. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अ‍ॅटॅक इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी, सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, हेही त्यातच दिसलं. म्हणजे फंडाची रक्कम हातात पडायच्या पाच वर्षं आधी. यादीत बटाटेवड्याचं नाव नाही. भाजीचं आहे, आणि तिथे आपली गोची आहे, कारण गिरगावात बटाटा हीच भाजी, बटाटा हेच फळ. आषाढी-कार्तिकीला अख्खी वाडी उपास करते तेव्हा साबुदाणा, शेंगदाणे, तूप आणि बटाट्याचा कीस एवढं खाऊन पोटाला विश्रांती देते. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या विनोद म्हणून सांगितलं जातंय. ते आहारशास्त्रातलं निरीक्षण होतं हे आता कळतं. मिठाचा हिशेब तर कुणी ठेवतच नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे जेमतेम एक चमचा. आपण वरणात मीठ बेताचं घालतो आणि मग पापड, लोणचं, सुकट, वेफर्स यांना ‘तोंडी लावणं’ म्हणून हिशेबाबाहेर ठेवतो. पानाच्या डाव्या बाजूचं रक्तदाबात धरायचं नसतं, अशी आपली समजूत आहे.

इंटरहार्टच्या शास्त्रज्ञांनी नऊ घटक मोजले, ते बावन्न देशांना पुरले असतील. गिरगावात दहावा मोजावा लागेल. त्याचं नाव आग्रह. ‘एवढ्याने काय होतंय’ हे त्याचं ब्रीदवाक्य. गंमत अशी, की हे वाक्य खाणारा कधीच म्हणत नाही, वाढणारा म्हणतो. खाणारा ‘नको नको’ म्हणतो आणि खातो. शास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर आग्रहाला संसर्गाची सगळी लक्षणं आहेत : तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो, गर्दीत वाढतो, आणि ज्याला झाला तो पुढच्या लग्नात इतरांना देतो. हे अगदीच हवेतलं नाही. फ्रॅमिंगहॅमच्याच नोंदी चाळून ख्रिस्ताकिस आणि फाउलर या दोघा संशोधकांनी २००७ साली दाखवलं, की मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. त्यावर इतर संख्याशास्त्रज्ञांनी हरकत घेतली, की लठ्ठपणा मैत्रीतून पसरतो की सारख्या आवडीची माणसंच मित्र होतात हे अशा नोंदींतून पुरतं वेगळं करता येत नाही. हरकत रास्त आहे. पण मिसळीच्या टेबलावर समोरासमोर बसलेल्या दोघांना हा फरक समजावून सांगितलात तर ते एवढंच म्हणतील, की कसंही असो, पाव आणखी दोन सांगा.

आता हरकतींकडे वळू. पहिली हरकत सडपातळ माणसाची. ‘मी बघा कसा काटकुळा, मला कसला अ‍ॅटॅक?’ याला उत्तर पुण्यात मिळतं. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला जोडीचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन मोजायचा जो आकडा असतो, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. म्हणजे काटा सारखाच हलतो, माल वेगळा असतो. आपली चरबी हातापायांवर दिसत नाही, ती पोटात दडून बसते, आणि म्हणून काटकुळ्या हातापायांचा, शर्टाचं चौथं बटण तेवढं ताणलेला गृहस्थ स्वतःला सडपातळ समजत हिंडतो. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० याच्या आत असावा असं वैद्यक सांगतं. हे मोजायला टेप लागते. लेंग्याच्या नाडीवर विसंबू नये, नाडी नेहमी मालकाच्या बाजूने बोलते.

दुसरी हरकत आजोबांची, आणि ती सगळ्यांत मातबर. ‘आमचे आजोबा वाटीभर साजूक तूप ओतून घ्यायचे, नव्वद वर्षं जगले.’ जगले असतील. परंतु जे तूप ओतून पंचावन्नाव्या वर्षी गेले, ते कुणाचे आजोबा होईपर्यंत टिकलेच नाहीत. त्यांची साक्ष कोण काढणार? तुपाच्या बाजूने एक भारदस्त पुरावाही आहे, तो लपवायचं कारण नाही. पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९५८ ते १९६२ या काळातल्या दहा लाखांवर रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांना आढळलं, की दक्षिणेकडच्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू उत्तरेकडच्यांच्या सातपट होते, आणि दूध-तूप तर उत्तरेकडचेच कितीतरी जास्त खात होते. तूपवाल्यांनी हा अहवाल देव्हाऱ्यात ठेवावा असाच आहे. पण तो प्रांतांची तुलना करतो, माणसांची नाही. एका प्रांतातली माणसं दुसऱ्यापेक्षा तुपाशिवाय आणखी शंभर बाबतींत वेगळी असतात. आणि मृत्यूचं कारण कागदावर काय लागतं हे इस्पितळ किती जवळ आहे यावरही अवलंबून असतं. इंटरहार्टने माणसाशी माणूस ताडून पाहिला तेव्हा रक्तातली चरबी हाच सगळ्यांत मोठा घटक ठरला. आणि तुपाचं माहेर जे पंजाब, ते आज देशात हृदयरोगाचं प्रमाण अधिक असलेल्या राज्यांत मोजलं जातं. तूप तेच आहे. बदललं ते काम. नांगराच्या आणि रुळांच्या जागी खुर्ची आली, आणि तुपाला खर्च व्हायला वाट राहिली नाही. आजोबांचा वारसा सांगायचाच तर अर्धा सांगू नये : ते वाटी ओतायचे, त्याबरोबर चर्नी रोड स्टेशनपासून घरापर्यंत धान्याची पिशवीही आणायचे. नातवाने वाटी ठेवून घेतली आणि पिशवी अ‍ॅपवर सोपवली.

खुर्चीचा हा मुद्दा लंडनच्या बसमध्ये सिद्ध झाला. जेरी मॉरिस या वैद्यकीय संशोधकाने १९५३ साली दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. पगार जवळपास सारखे, वस्ती सारखी, बसही तीच. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसात पाचशेवर पायऱ्या चढणारा. कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी निघाला, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य. प्रामाणिक माणूस असल्याने मॉरिसने स्वतःच शंका काढली : मुळातच जाड माणसं ड्रायव्हर होत नसतील कशावरून? त्याने शिंप्यांकडच्या गणवेशाच्या नोंदी मागवल्या, आणि खरंच ड्रायव्हरांच्या पँटी नोकरीच्या सुरुवातीपासूनच कमरेत रुंद निघाल्या. तो शोधनिबंधही १९५६ साली छापून आला. म्हणजे श्रेय सगळं पायऱ्यांचं नव्हतं. पण पुढच्या कित्येक अभ्यासांनी पायऱ्यांचा वाटा कायम ठेवला. मुंबईत दुमजली बस १९३७ पासून होती, आणि गिरगावच्या घरांना तर जिना हाच पहिला परिचय. चाळीत नळ खाली, संडास गॅलरीच्या टोकाला, गच्ची वर. आरोग्याच्या नावाने ज्या व्यवस्थेला आपण शिव्या दिल्या, ती पहाटे साडेपाचपासून व्यायाम करून घेत होती. मला त्या संडासाच्या रांगेचा गौरव करायचा नाही. तिथे झालेल्या ताणाने व्यायामाचा फायदा फिटत असणार. सांगायचं इतकंच, की त्या काळी चालणं हा कुणाचा संकल्प नव्हता, ती घराची रचना होती. आता पुनर्विकास झाला, घरात सगळं आलं, लिफ्ट आली, गिरगावच्या पोटातून सरकत्या जिन्यांची मेट्रो धावू लागली. आणि जे पाय फुकट चालत होते, ते चालवण्यासाठी माणसं पहाटे चौपाटीवर आणि संध्याकाळी जिममध्ये पैसे भरून जातात, लिफ्टने.

तंबाखूच्या बाबतीत तर आपल्याला परदेशी पुराव्याचीही गरज नाही. नव्वदच्या दशकात डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी मतदारयाद्या हातात घेऊन मुंबई बेटावरच्या पस्तीस वर्षांवरच्या सुमारे १ लाख ४८ हजार लोकांच्या घरोघर जाऊन नोंदी केल्या आणि पुढे कोण जगलं, कोण गेलं ते पाहिलं. उच्चभ्रू इमारती त्यातून वगळाव्या लागल्या, कारण तिथला वॉचमन आत सोडत नाही. शास्त्रालाही चाळच आधी दार उघडते. निष्कर्ष असा, की सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी जास्त आणि विडी ओढणाऱ्यांत ६४ टक्क्यांनी जास्त. विडी म्हणजे पानात गुंडाळलेलं, देशी, जवळपास आयुर्वेदिक, ही समजूत तिथे संपायला हवी होती. मशेरी लावणाऱ्या बायका आपल्याला तंबाखूचं व्यसन नाही असं शपथेवर सांगतात; ते दात घासणं असतं. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला २००८ साली बंदी आली, तेव्हा वाडीतले ओढणारे ऑफिसातून उठून गल्लीच्या तोंडाशी आले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यातला थोडा धूर मिळू लागला. इथेही वाटून खाण्याची परंपरा अबाधित आहे. दिलासा एकच, की सोडल्यावर हृदय फार राग धरत नाही. वर्षभरात वाढीव धोका निम्म्यावर येतो. इतकी क्षमाशील वस्तू गिरगावात दुसरी नाही.

आजार सार्वजनिक असेल तर उपायही तसाच हवा, आणि तो चालतो याचा दाखला स्वयंपाकघरातच आहे. १९३७ साली डालडा आला आणि पिवळा डबा घराघरांत बसला. असल्या वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅट धमन्यांच्या किती वैरी आहेत हे पुढे कळलं. पण किती जणांनी डब्यावरचं बारीक छापील वाचून तो सोडला? डबा लोकांनी सोडला तो पुष्कळसा तेल फॅशनमध्ये आलं म्हणून. उरलेलं काम २०२२ साली झालं, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेलातुपातली ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर आणली तेव्हा. त्या जानेवारीत वाडीतल्या प्रत्येकाच्या हृदयाचं थोडं भलं झालं. कुणी संकल्प सोडला नाही, कुणी लिंबू-मध प्यायलं नाही. फिनलंडमधल्या नॉर्थ करेलिया प्रांताने तर पन्नास वर्षांपूर्वी हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. तिथले पुरुष तरुण वयात हृदयविकाराने जात होते. १९७२ साली पेक्का पुस्का या डॉक्टरांनी मोहीम काढली ती इस्पितळात नाही. गृहिणींच्या मंडळांतून, दुग्धशाळांतून, सॉसेजच्या कारखान्यांतून. गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या स्पर्धा लावल्या. चार दशकांच्या आत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटले. मंडळ, गृहिणी आणि स्पर्धा. या तीन गोष्टींत गिरगावने फिनलंडकडून काही शिकायचं म्हणजे गंगेने पाणी आणायला बाहेर जाण्यासारखं आहे.

यावर चलाख वाचक म्हणेल, ‘ठीक. दोष वाडीचा आहे ना? मग मी सुटलो. तो वडा इकडे द्या.’ हा निष्कर्ष सोयीचा आहे, बरोबर नाही. दोष वाटला गेला म्हणून तो नाहीसा होत नाही. उलट आजवर फक्त खाणारा दोषी होता, आता वाढणाराही झाला. स्वतःच्या तोंडावर ताबा ठेवणं महाकठीण, हे मान्य. पण दुसऱ्याच्या पानात तिसरी पुरी न टाकणं तितकं कठीण नाही, आणि वाडीत प्रत्येक जण दिवसातून चार वेळा कुणाला तरी वाढत असतो. ‘एवढ्याने काय होतंय’ हे वाक्य गिळलं, तरी पुष्कळ कॅलरी वाचतील. दुसरा वाचक दुःखी होऊन विचारेल, मग सणवार, चवढव सगळं सोडायचं का? अजिबात नाही. सण हे आरोपी नाहीतच. मोदक तर उकडीचा असतो. बाप्पाने या बाबतीत काळजी घेतलेली आहे. पंधरा दिवसांच्या सणांनी धमनी तुंबत नाही, उरलेल्या साडेतीनशे दिवसांच्या ‘सहज’ने तुंबते : चहाबरोबर सहज खारी, टीव्हीसमोर सहज फरसाण, दोन मजल्यांसाठी सहज लिफ्ट. तिसरा नशिबावर जातो. नशीब, म्हणजे आनुवंशिकता, आहेच. परंतु ज्याला बापाकडून हृदयविकार वारशाने मिळतो, त्याला बहुधा बापाची खुर्ची आणि आईच्या हातचं तळणही वारशाने मिळतं. त्यातलं बदलता येण्याजोगं आधी बदलावं. १९६८ साली परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशात पहिल्यांदा माणसाचं हृदय बदलून पाहिलं. सवय बदलून पाहणं याहून सोपं असायला हरकत नाही. निदान दाता शोधावा लागत नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की गिरगावने आपल्या सर्वोत्तम शोधाचा इथे उपयोग करावा आणि मंडळ काढावं. वर्गणी नको, फक्त ठराव. फराळाच्या ताटात निम्मी जागा फळांना. ताट रिकामं परत करण्यास अधिकृत मुभा. पापड-लोणचं मागितल्याशिवाय वाढायचं नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या तरण्याताठ्यांना लिफ्टबंदी. आणि रांगोळी स्पर्धेच्या जोडीला कंबरेच्या घेराची आंतरवाडी स्पर्धा, टेप मंडळाची, नाडी ग्राह्य धरली जाणार नाही. कुणी म्हणेल, आमच्याकडे मंडळ काढलं की पहिल्या बैठकीतच दोन गट पडतात. पडू द्यात. अध्यक्षपदावरून भांडण होईल, दोन्ही गट सह्या गोळा करायला घरोघर फिरतील, एकमेकांचे सभासद फोडण्यासाठी रोज संध्याकाळी प्रत्येक लाकडी जिना दोन-दोनदा चढतील, आणि विरोधकांच्या घरचा चहासुद्धा तत्त्व म्हणून नाकारतील. फिनलंडला जे साधायला चाळीस वर्षं लागली, ते गिरगावात एका फाटाफुटीत साधेल.